खळ्याकडची खिडकी

ठमाबाई अंगारकीला टिटवाळ्याला गेली, त्या दिवशी तिच्या सुनेनं, रतननं, घराची भिंत कापली.

भिंत कसली, कारवीचा कूड तो, वर शेणमातीचा हात फिरवलेला. कोयत्याचे आठ-दहा घाव पुरले. पण लग्न होऊन कोपर गावी आल्यापासून सहा वर्षांत त्या बाजूला बोटभर भोक पाडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. पलीकडे धोंडीबाचं खळं होतं. धोंडीबा म्हणजे रतनच्या नवऱ्याचा, सहदेवचा, चुलतभाऊ. वयानं पंधरा वर्षांनी थोरला आणि आवाजानं त्याहून थोरला. भाऊबंदाच्या खळ्याकडे खिडकी काढायची नसते, हे काही कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण सगळ्यांना ठाऊक होतं. रतनलाही ठाऊक होतं.

तिनं दीड हात रुंद, एक हात उंच अशी चौकट कापली, कारवीची तुटकी टोकं काथ्यानं बांधून घेतली आणि कडांना ओली माती लावली. दुपार कलली तसं पश्चिमेचं ऊन आत आलं आणि त्या घरानं पहिल्यांदा आपली जमीन पाहिली. कणगीखाली उंदरांनी केवढा संसार मांडला होता ते दिसलं. ठमाबाईचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला अडकित्ताही तिथंच सापडला. त्या अडकित्त्यापायी ठमाबाईनं निम्म्या गावाला चोर ठरवलं होतं.

संध्याकाळी ठमाबाई प्रसादाचा नारळ घेऊन आली. भिंत पाहून तिनं तोंड उघडलं, तोच रतननं अडकित्ता पुढं केला. ठमाबाईनं सुपारी कातरून पाहिली, मग म्हणाली की पावसाळ्यात पाणी आलं तर तूच उपस. एवढ्यावर भागलं. सहदेव रात्री आला, खिडकीतून डोकं बाहेर काढून खळ्याकडे पाहिलं आणि आत घेतलं. धोंडीबाला सांगितलंस का, एवढंच त्यानं विचारलं. उत्तर त्यालाही माहीत होतं.

हा सगळा खटाटोप होता फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेसाठी. रतन लग्नाआधी ठाण्याला मामाकडे राहून सहावी शिकली होती. मामा कचेरीत पट्टेवाला होता. गावच्या शाळेतले प्रभाकर मास्तर रोज डोंबिवलीहून चालत यायचे. त्यांनी सांगितलं होतं की शाळेत मुली येत नाहीत, स्कूल बोर्डाला जूनपासून बाई हवी आहे, आणि फायनल पास झालेली गावातलीच सून मिळाली तर बोर्ड दुसरीकडे बघणार नाही. परीक्षा मार्चअखेर, कल्याणला. पुस्तकं मास्तरांनी स्वतःची दिली.

रतनला ती जागा हवी होती. उगाच लाजून सांगण्यासारखं त्यात काही नाही. भुकेल्याला भात हवा असतो तशी हवी होती. दिवाळी झाली की ती दिवा गावाच्या बाजूच्या मिठागरावर जायची. सकाळभर डोक्यावर ओल्या मिठाच्या टोपल्या. मिठाचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. तळपायांना आणि बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यांत मीठ बसायचं, आणि वैशाखापर्यंत त्या भरायच्या नाहीत. ठमाबाईचे पाय तिनं पाहिले होते. खडू धरणारे हात आपल्याला हवेत, असं तिनं ठरवलं होतं आणि लेकीचे, गोदीचेही तसेच व्हावेत असं ठरवलं होतं. गोदी चार वर्षांची होती.

मास्तरांनी एक गोष्ट सांगितली होती. "रतन, आधी जागा ठरव. रोज त्याच जागी, त्याच वेळेला बसायचं. जागा बसली की मनही बसतं."

मास्तरांचं ठीक होतं. त्यांच्या घरी टेबल होतं आणि त्यावर त्यांची बायको, सुमतीबाई, चहा आणून ठेवत. पण रतननं ते शब्द गाठीला बांधले. रेशनवर महिन्याला रॉकेलच्या दोन बाटल्या मिळायच्या, तेव्हा रात्रीचा प्रश्नच नव्हता. वेळ मिळायचा तो मिठागरावरून आल्यावर, जेवण उरकल्यावर, दोन ते चार. त्या दोन तासांना उजेड हवा म्हणून ही खिडकी.

खिडकीखाली तिनं वीतभर उंच मातीचा ओटा घातला. खाडीला वाहून आलेली मोडक्या होडीची फळी दोन दगडांवर ठेवली. पुस्तकांची पिशवी उंदरांना पोचू नये म्हणून वर खिळा ठोकून त्याला टांगली. जातं ओढत नेऊन पलीकडच्या कोपऱ्यात टाकलं. केरसुणी दाराआड, मडकी पाठीमागं. बाईमाणसाच्या नजरेला काम पडलं की हात त्याच्याकडे जातो, तेव्हा कामच नजरेला पडू नये, असा तिचा हिशेब. भिंतीवर कोळशानं मार्चपर्यंतच्या दिवसांच्या रेघा ओढल्या. रोज एक पुसायची.

व्यवस्था उत्तम झाली. इतकी उत्तम की सगळ्यांनाच आवडली.

पहिल्या आठवड्यात ठमाबाई सूप घेऊन येऊन बसली. आजवर तांदूळ चाचपडत निवडले, आता खडे दिसतात, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं चौकटीत बोंबील वाळत घातले. बोंबलांमागं मांजर आलं. गोदीला खिडकीतून आत-बाहेर उड्या मारायचा नाद लागला. शेजारच्या शीलाला उवा बघायला याच्याइतकी चांगली जागा गावात दिसेना. एका रविवारी रतन मिठागरावरून आली तर पुस्तकांची पिशवी जमिनीवर, खिळ्याला आरसा, आणि सहदेव गालाला साबण लावून तिच्या फळीवर बसलेला.

ती म्हणाली, ही माझी बसायची जागा आहे.

"आता उजेड काय तुज्या बापाचा हाय?" सहदेव हसत म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि नेमका त्याचाच तिला जास्त राग आला. वाईट मनानं कुणी केलं असतं तर भांडता आलं असतं. तिनं पिशवी उचलून झटकली आणि सहदेवची दाढी होईपर्यंत उभ्यानं इतिहास वाचला.

तरी या सगळ्यांना उठवता येत होतं. उठवता येत नव्हता तो धोंडीबा.

भातं कापून झाली, भारे खळ्यावर आले, झोडणी सुरू झाली. धोंडीबा आणि त्याचे दोन दांडगे मुलगे दिवसभर खळ्यात. रीत अशी की थोरला दीर समोर आला की धाकट्या भावाच्या बायकोनं बसून राहायचं नाही. उठायचं, पदर पुढं ओढायचा, आडोशाला व्हायचं. तो तिच्याशी बोलणार नाही, ती त्याच्याशी बोलणार नाही. ती आहे तिथं तो एकदम जाणार नाही; आधी लांबून खाकरेल, ती उठली की मग पुढं. तशी रीत सोयीची. पण धोंडीबाचं खळं आणि रतनची फळी यांच्यामध्ये आता भिंत नव्हती. तो खाकरला की तिनं पुस्तक मिटायचं, उठायचं, कणगीमागं जाऊन उभं राहायचं. तो सूप घेऊन गेला की यायचं, पान शोधायचं. मग तो सूप ठेवायला परत. एका दुपारी तिनं मोजलं, अकरा वेळा. त्यातले निदान सहा खाकरे खोकल्याचे नव्हते, हे सांगायला वैद्य लागत नाही.

पौषात धोंडीबानं सहदेवला बांधावर गाठून बोलून घेतलं. आज खिडकी काढलीत, उद्या दार काढाल, परवा म्हणाल खळंच आमचं. सहदेव मान खाली घालून ऐकत राहिला आणि घरी येऊन अर्धंच बोलला. उरलेलं धोंडीबानं स्वतः करून दाखवलं. दरवर्षी खळ्याच्या त्या टोकाला चिंचेखाली रचायचा पेंढा त्यानं या वर्षी भिंतीपाशी रचला. सकाळी रतन मिठागरावर गेली तेव्हा खिडकीत आभाळ होतं. दुपारी आली तेव्हा पेंढा. पुरुषभर उंच उडवी, भिंतीपासून हातभर लांब. हातभर जागा सोडलेली, म्हणजे कुणी बोलायला नको.

घर पुन्हा होतं तसं झालं. ठमाबाईचं सूप ओटीवर गेलं, बोंबील छपरावर, आरसा दाराच्या चौकटीला. मांजरसुद्धा गेलं. फळीपाशी एकटी रतन उरली, आता कुणी उठवायला येत नव्हतं आणि अक्षर दिसत नव्हतं. भिंतीवरच्या रेघा तेवढ्या कशाबशा दिसायच्या. चोपन्न.

ती पुढच्या ओटीवर बसून पाहायला गेली. ओटी रस्त्यावर. गावातला प्रत्येक दुसरा पुरुष नात्यानं सासरा नाहीतर दीर. उठबस करून गुडघे दुखले. त्यात ठमाबाईला वर्दी आली की सून कलेक्टरीण झाली वाटतं. ठमाबाईनं तिला आत बोलावलं. मग तिनं भूगोलाचं पुस्तक टोपलीत घालून मिठागरावर नेलं. उजेड तिथं इतका की डोळे मिटावेत. वाऱ्यानं पानं उडत होती, बोटांच्या चिरांचं रक्त कागदाला लागत होतं. आणि पुस्तकात लिहिलं होतं, 'खाडीचे पाणी कोंडींत घेतात. उन्हाने पाणी आटते व मीठ तयार होते.' रतननं ते तीनदा वाचलं. टोपलीचा उल्लेख कुठं नव्हता. डोक्याचाही नव्हता. मुकादमानं पाहिलं आणि मिठाला वाचून दाखवतेस का म्हणून विचारलं, तशा सगळ्या बाया हसल्या. रतननं पुस्तक झाकलं आणि टोपली भरली.

फाल्गुनात धोंडीबानं दुसरी गाठ आवळली.

दोन्ही घरांची शेतं खाजणात, खाडीला लागून. शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. खेकडे तो बारा महिने पोखरतात. फाल्गुनी अमावास्येच्या उधाणाआधी दोन्ही घरच्या पुरुषांनी मिळून चिखल काढून तो भरायचा असतो. सहदेव एकटा, धोंडीबाकडे तीन गडी. धोंडीबाचं शेत वरच्या अंगाला, सहदेवचं खालच्या. बांध फुटला तर खारं पाणी आधी सहदेवच्या शेतात शिरणार आणि मग तीन वर्षं तिथं दाणा पिकणार नाही. धोंडीबानं निरोप धाडला की खिडकी उघडी आहे तोवर आमच्या घरातला गडी बांधावर येणार नाही.

मारुती पाटील म्हणून गावातले वडीलधारे होते. त्यांनी दोघा भावांना सहदेवच्या ओटीवर बसवलं. रतन दाराआड उभी होती. तासभर बोलणं झालं. त्यात उडवी आली, बांध आला, आजोबांच्या वेळचं कुंपण आलं. परीक्षा एकदाही आली नाही. शेवटी मारुती पाटलांनी दोघांचंही म्हणणं राहील असा निवाडा केला: सहदेवनं खिडकी बुजवावी आणि धोंडीबानं उडवी हलवावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. काय न्याय झाला होता.

दाराआडून रतनचा आवाज आला. "खिडकी बुजवल्यावर उडवी हलवून उजेड कोनाला?"

मारुती पाटलांनी तंबाखू झटकली आणि शब्द झाला म्हणाले.

पाहुणे गेल्यावर सहदेव आत आला. बराच वेळ तो पाय धूत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "बांध गेला तर भात जाईल. खिरकी गेली तर काय जातं?"

"माजी परीक्षा जाते."

"पुढच्या साली दे."

"पुढच्या साली जागा ऱ्हाते का?"

अशा वेळी बरे पुरुष करतात तेच त्यानं केलं. कोयता घेऊन कारवी तोडायला निघून गेला. रतन त्या फळीवर बसून रडली. दुःखानं म्हणण्यापेक्षा संतापानं. भिंत तिनं कापली, ओटा तिनं घातला, जातं तिनं ओढलं, आणि एवढं सगळं हलवून झाल्यावर माणूस म्हणून एकही जागचं हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मिठागरावर गेली नाही. सकाळी धोंडीबाच्या मुलांनी उडवी उचलून चिंचेखाली नेली. खिडकीत सव्वा महिन्यानं आभाळ आलं. घडीभरच. मग सहदेवनं कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायला घेतल्या आणि एकेका काठीबरोबर जमिनीवरचं ऊन बारीक होत गेलं. शेवटी नुसत्या फटी उरल्या.

बांधणं पुरुषाचं, लिंपणं बाईचं. आतून तिनं सकाळीच लिंपलं. बाहेरून लिंपायचं तर धोंडीबाच्या खळ्यात जावं लागणार होतं, ते दुपारवर ठेवलं. धोंडीबा आणि मुलं सहदेवबरोबर ठरल्याप्रमाणे बांधावर गेली होती.

शेणमातीची पाटी घेऊन रतन घराला वळसा घालून आली. सहा वर्षांत त्या खळ्यात तिचं पाऊल पहिल्यांदा पडत होतं. ती उकिडवी बसली आणि लिंपायला लागली. मातीतला कोंडा बोटांच्या चिरांत शिरत होता, झोंबत होता. आपल्याच हातानं आपलं बुजवायचं, तेही नीट, गुळगुळीत, नाहीतर सासू म्हणेल धड लिंपताही येत नाही. तिनं धड लिंपलं. शेवटची फट बुजली तशी ती मागं सरकली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ऊन पाठीवर पडलंय. उडवी होती तिथं जमीन कोरडी, स्वच्छ, पेंढ्याच्या काड्या पसरलेली. पाठीला भिंत. समोर मोकळं खळं आणि त्यापलीकडे खाडी. एवढा उजेड तिच्या दीड हाताच्या खिडकीनं जन्मात दिला नसता.

ती उठून घरात गेली. ठमाबाई तांदूळ निवडत ओटीवर बसली होती. तिच्यासमोरून रतननं होडीची फळी नेली, मग दोन दगड नेले, मग पुस्तकांची पिशवी नेली. ठमाबाई बघत राहिली.

अर्ध्या तासानं धोंडीबा बैल घेऊन परतला. खळ्याच्या बेड्यापाशी, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकापाशी, तो थांबला. भिंतीपाशी फळी मांडून कुणीतरी बसलं होतं. तो खाकरला.

रतनचा हात सवयीनं पदराकडे गेला. तिनं पदर नाकापर्यंत ओढला. गुडघेही उठायला निघाले होते. तिनं ते दाबून धरले. तो पुन्हा खाकरला. तिनं पान उलटलं. पान वाचून झालं नव्हतं, पण उलटलं.

तो तिसऱ्यांदा इतक्या जोरानं खाकरला की बैल दचकला. त्याला आत येता येईना. भावजय बसलेली आहे तिथं थोरल्या दिरानं शिरायचं म्हणजे उद्या गावात तोंड दाखवायची सोय नाही. तिला ऊठ म्हणावं तर तिच्याशी बोलायचं नाही. बैल तहानलेले, गोठा खळ्याच्या पल्याड. सहदेव पाठोपाठ आला, त्यानं पाहिलं, आणि त्याला एकदम पायाला लागलेला चिखल धुवायची आठवण झाली.

"काकी," धोंडीबानं ठमाबाईला हाक मारली, "खल्यान कोन बसलंय?"

ठमाबाई सूप घेऊनच आली. तिनं धोंडीबाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, ओल्या भिंतीकडे पाहिलं. टिटवाळ्याहून आल्या दिवशी तोंडात अडकलेलं सगळं आता ती बोलणार असं सहदेवला वाटलं.

"भिंत वली हाय," ठमाबाई म्हणाली. "कोंबऱ्या चोची मारतान. राकन नको?"

धोंडीबानं यावर विचार केला. खिडकी बुजवायला त्यानंच लावली होती. आता भिंत नीट सुकू नये असं त्याला म्हणता येईना.

"मंग सुकंल कवा?" त्यानं विचारलं. विचारलं काकीला.

रतननं पुस्तकातून मान वर केली नाही. घरातल्या भिंतीवर सकाळी तिनं रेघ पुसली तेव्हा किती उरल्या होत्या ते तिला पाठ होतं. ती बोलली तीही सासूशीच.

"आत्याबाय, त्यांना सांगा, सतरा दिस लागतील."

ठमाबाईनं ते धोंडीबाला सांगितलं नाही. त्यानं ऐकलं होतं. ती खाली बसली, सूप मांडीवर घेतलं आणि नेमका रतनच्या पुस्तकावरचा उजेड अडवला. रतननं वर पाहिलं. ठमाबाई कुरकुरत वीतभर बाजूला सरकली.

बेड्याबाहेर धोंडीबा बैलांना घेऊन उभाच होता. मग त्यानं ते वळवले आणि लांबच्या वाटेनं, विहिरीला वळसा घालून गोठ्याकडे नेले. रतननं उलटलेलं पान परत मागं घेतलं आणि जिथं सोडलं होतं तिथून, बोट ठेवून, पुन्हा वाचायला लागली.